टीव्हीवर दिसलेली हॉटेलं, दोन दिवस आणि एक गाडी: मराठवाड्यातली खाद्यफेरी न फसता कशी करावी

टीव्हीवर पाहिलेलं हॉटेल गाठायचं म्हणून माणसं हौसेनं निघतात आणि तीनपैकी एका प्रकारे फसतात. हॉटेल सापडतं, पण पदार्थ संपलेला असतो. पदार्थ मिळतो, पण हॉटेल ते नसतं, त्याच्या शेजारचं असतं. नाहीतर सगळं जुळून येतं आणि पोटात जागाच उरलेली नसते. तिन्ही चुका घरातून निघण्याआधीच झालेल्या असतात, म्हणून या लेखात तयारीवर जास्त जागा खर्च केली आहे.

मराठवाड्यात एक गोष्ट वेगळी आहे. इथली नावाजलेली हॉटेलं बहुतेक एकाच पदार्थावर चालतात आणि तो पदार्थ दिवसातून एकदाच होतो. सकाळचं पातेलं संपलं की दुसरं चढत नाही. म्हणून फेरी नकाशावरून आखायची नाही, चुलीच्या वेळेवरून आखायची. किलोमीटर नंतर बघायचे.

उदाहरणासाठी मी एकच वर्तुळ धरलं आहे: छत्रपती संभाजीनगर, बीड, सरमकुंडी फाटा, धाराशिव, तुळजापूर, उजनी, लातूरला मुक्काम आणि परतताना अंबाजोगाई, केज, मांजरसुंबामार्गे घरी. सगळं मिळून साधारण सव्वासहाशे किलोमीटर होतात. नांदेड-परभणीकडचे वाचक हीच पद्धत त्यांच्या वर्तुळाला लावू शकतात.

## टप्पा १: तो भाग पुन्हा पाहा, पण ताटाकडे पाहू नका

पहिल्यांदा पाहताना सगळ्यांचं लक्ष रश्श्यावरच्या तर्रीवर असतं. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि पुढच्या गोष्टी टिपा.

१. पाटीवरचं पूर्ण नाव. 'हॉटेल' या शब्दाआधी-नंतर काय आहे तेही. एकाच देवीच्या, एकाच गावाच्या नावाची चार-चार हॉटेलं एका रस्त्यावर असतात.

२. पाटीवरचा फोन नंबर. चित्र थांबवलं तर पुष्कळदा वाचता येतो.

३. मागे काय दिसतं: पेट्रोल पंप, कमान, एसटी स्टँडची भिंत, लिंबाचं झाड. गावात पत्ता विचारताना हॉटेलाच्या नावापेक्षा या खुणाच कामाला येतात.

४. भाग कधीचा आहे. जुने भाग वाहिन्या पुन्हा दाखवतात आणि त्यांचे तुकडे मोबाइलवर नव्याने फिरत राहतात. गेल्या आठवड्यात पाहिला म्हणजे तो गेल्या आठवड्यातला असतो असं नाही.

५. मालक कोण दिसतो आणि चुलीपाशी कोण आहे. ही दोन माणसं वेगळी असतील तर चुलीपाशी असलेल्या माणसाचा चेहरा नीट पाहून ठेवा. चव त्याच्या किंवा तिच्या हातात असते.

शोधताना गावाची जुनी-नवी दोन्ही नावं टाकून पाहा. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. जुन्या भागांत आणि जुन्या पाट्यांवर आधीचीच नावं आहेत. एकाच नावाने शोधलं तर अर्धी माहिती हाती लागत नाही.

सावध: सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला तेव्हा वाटेतल्या गावांना बाहेरून वळणरस्ते निघाले. जुन्या भागात जे हॉटेल 'अगदी हायवेला' म्हणून दाखवलं आहे, ते आज गावातल्या जुन्या रस्त्यावर असू शकतं. मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला बायपासने पुढे काढतो आणि दहा किलोमीटर गेल्यावर चूक कळते. मग पुढच्या उड्डाणपुलाखालून वळून परत यावं लागतं. हॉटेल गावात आहे की बायपासला, एवढं फोनवरच विचारून घ्या.

## टप्पा २: फोन करा आणि नेमके प्रश्न विचारा

ही पायरी गाळणारे सर्वात जास्त. "आज चालू आहे का?" एवढंच विचारून फोन ठेवणं म्हणजे न विचारल्यासारखंच. हॉटेल चालू असतं, पण तुम्हाला हवा तो पदार्थ त्या दिवशी नसतो.

फोन सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास करा. जेवणाच्या गर्दीत मालकाला बोलायला सवड नसते. बोलणं साधारण असं व्हावं:

"मालक, रविवारी दुपारी साडेबाराला आम्ही चौघं यायलोत. टीव्हीवर दाखवलं ते चुलीवरचं मटण त्या दिवशी राहील का?"

"राहतंय की. पण एकच्या आत या. नंतरचं सांगता यायचं नाही."

"किलोवर करून देता का ताटानं?"

"दोन्ही. किलोवर पाहिजे तर आदल्या दिवशी सांगा, सकाळीच टाकावं लागतंय."

"तुमचंच हॉटेल ना ते, जुन्या स्टँडसमोरचं? दुसरी शाखा आहे का?"

चार वाक्यांत सगळं कळलं: पदार्थ आहे, तो किती वाजेपर्यंत मिळेल, कसा विकतात आणि जागा नेमकी कोणती. शेवटचा प्रश्न कधीही सोडू नका. टीव्हीवर आल्यानंतर पुष्कळ ठिकाणी भाऊ वेगळे होतात आणि दोघंही तेच नाव लावतात, किंवा आचारी बाहेर पडून समोरच हॉटेल टाकतो. यात फसवाफसवी असेलच असं नाही. पण तुम्हाला कोणाकडे जायचं आहे ते तुम्ही ठरवलेलं असावं. "टीव्हीवाले आले होते तेव्हा चुलीवर कोण होतं?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. लोक मोकळेपणानं सांगतात.

हे मी एका गुरुवारी शिकलो. वडिलांनी टीव्हीवर एक मटणाचं हॉटेल पाहिलं होतं आणि महिनाभर त्याचं नाव काढत होते. त्यांना घेऊन दीडशे किलोमीटर गेलो, फोन न करता. हॉटेल उघडं होतं, पंखा चालू होता, पण चूल थंड होती आणि मोठी पातेली घासून ओट्यावर पालथी घातलेली होती. मालक म्हणाले, "गुरुवारी कोण खातंय हो इकडं? शेव-भाजी देतो." वडील काही बोलले नाहीत. गाडीत बसून त्यांनी बिस्किटाचा पुडा फोडला. पुढच्या वर्षी त्यांची तब्येत प्रवासाची राहिली नाही. एका फोनचं काम होतं.

तपासणी: प्रत्येक ठिकाणासाठी वहीत चार गोष्टी हव्यात: पदार्थ, तो तयार होण्याची वेळ, संपण्याची वेळ, बंदचा वार. यातली एकही रिकामी असेल तर ते ठिकाण यादीत 'पक्कं' नाही, 'जमलं तर' आहे.

## टप्पा ३: वार आणि तिथी पाहा

मराठवाड्यात मटणाचे वार म्हणजे रविवार, बुधवार आणि शुक्रवार. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी खूप घरांत मांसाहार होत नाही, म्हणून लहान हॉटेलं त्या दिवशी मटण करत नाहीत किंवा थोडंच करतात. श्रावणात तर कित्येक चुली महिनाभर शाकाहारी होतात.

अडचण अशी की सुट्टी शनिवार-रविवारची असते. त्याला उपाय सोपा आहे: शनिवार गोडाचा आणि भाकरीचा करा, रविवार मटणाचा. खाली दिलेला क्रम याच हिशेबाने आहे. शुक्रवारी रजा काढता येत असेल तर उलट करा आणि धाराशिवला शुक्रवारी दुपारी मटण खा (तुळजापूरला मात्र शुक्रवारी गर्दी असते, ते खाली पाहा). उस्मानाबादी शेळीचं मूळ गावच ते, त्यामुळे तिथलं मटण तिथेच खाण्यात अर्थ आहे.

आणखी काही दिवस निघण्याआधी दिनदर्शिकेत बघा:

*वेळ अमावस्या.* मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे सगळा गाव शेतात असतो. त्या दिवशी लातूरची बाजारपेठ सुनी पडते आणि हॉटेलं बंद राहतात. मात्र कोणाच्या शेतात जायचं आमंत्रण असेल तर हॉटेलांची यादी बाजूला ठेवून तिकडेच जा. भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील तशी हॉटेलात मिळत नाही.

*तुळजापूरची गर्दी.* नवरात्र, पौर्णिमा, मंगळवार आणि शुक्रवार या दिवशी गावात गाडी शिरणंच मुश्कील. कोजागरीच्या सुमारास पायी चालणाऱ्या भाविकांनी रस्ते भरलेले असतात. तेव्हा खाद्यफेरी काढूच नये. चालणाऱ्यांना रस्ता मोकळा मिळाला पाहिजे.

*रमजान.* संभाजीनगरच्या जुन्या शहरातली पुष्कळ हॉटेलं दिवसा बंद आणि इफ्तारनंतर उशिरापर्यंत चालू असतात. नान खलिया, म्हणजे जाड नान आणि मांसाचा पातळ रस्सा, रात्री खायचा असेल तर हा महिना चांगलाच, फक्त वेळ सांभाळा.

*आठवडी बाजार.* बाजाराच्या दिवशी गावातली चव सर्वात ताजी असते आणि गाडी लावायला जागा सर्वात कमी. मी बाजाराचा दिवस निवडतो आणि गाडी गावाबाहेर लावून चालत जातो.

## टप्पा ४: थांब्यांचा क्रम लावा

दिवसाला खरे थांबे तीन. चौथा चहाचा किंवा नुसतं चाखण्याचा. यापेक्षा जास्त लिहिलेत तर शेवटचे दोन तुम्ही नुसते फोटो काढून सोडून द्याल. प्रत्येक थांब्याला एक पदार्थ ठरवा आणि तेवढाच मागवा.

पहिला दिवस, शनिवार

१. सकाळी सहाला संभाजीनगर सोडा. पोटात एक चहा आणि पोळीचा तुकडा, बस. आडूळ, पाचोड, शहागडचा गोदावरीचा पूल, गेवराई करत बीड साधारण १३० किलोमीटर आहे. बीडला साडेआठच्या आसपास हलका नाश्ता करा. सुशीला मिळाली तर तीच घ्या: भिजवलेले मुरमुरे, फोडणी, वर कोथिंबीर. पोटाला जड होत नाही.

२. मांजरसुंबा, चौसाळा, पारगाव ओलांडून दहाच्या आगेमागे सरमकुंडी फाटा. हा कुंथलगिरीच्या खव्या-पेढ्याचा पट्टा. सकाळी दुधाचं संकलन होऊन भट्ट्या पेटलेल्या असतात, म्हणून इथे दुपारी नको, सकाळीच. फक्त चाखा. खरेदीचं पुढे सांगतो.

३. येरमाळा, येडशीमार्गे बाराच्या आत धाराशिव. शनिवार असल्याने भाकरीचं जेवण: ज्वारीची गरम भाकरी, येसूर घातलेली आमटी, ठेचा आणि मिळाले तर हुलग्याचे शेंगोळे. येसूर म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ, आमटीला दाटपणा तोच देतो. ते घातलेलं आहे का हे विचारा. शहरात शिकून आलेले आचारी त्याऐवजी कांदा-खोबऱ्याचं वाटण घालतात आणि चव बदलते.

४. तुळजापूर इथून पंचवीस किलोमीटरच्या आत. दर्शन घ्यायचं असेल तर दुपारी दोन ते चार हा वेळ त्यासाठी ठेवा. न घ्यायचं असेल तर सावलीत गाडी लावून झोपा. याला पर्याय नाही. भरपेट जेवणानंतर दोन ते चार या वेळात चालवणाऱ्याचे डोळे मिटतात.

५. तुळजापूर-औसा रस्त्यावर उजनीला साडेचार-पाचला बासुंदी. हे औसा तालुक्यातलं उजनी, सोलापूर जिल्ह्यातल्या धरणाचं नाही. नकाशात नुसतं 'उजनी' टाकून भलत्या जिल्ह्याचा रस्ता धरलेले लोक मला भेटले आहेत. वाटी दोघांत एक.

६. औशावरून लातूर, मुक्काम. रात्रीचं जेवण नको. ताक प्या आणि झोपा. सकाळी भूक लागलेली असली पाहिजे.

दुसरा दिवस, रविवार

१. सकाळी साडेसातला लातूरच्या गाड्यावर निलंगा राइस. मुक्काम लातूरला ठेवण्याचं एकमेव कारण हे. हा सकाळचा पदार्थ आहे. मोठ्या पातेल्यातला पिवळाधम्मक, तिखट, वाफाळता भात कागदावर किंवा ताटलीत मिळतो आणि उभ्यानं खायचा असतो. दुपारी येऊन "निलंगा राइस आहे का" विचारणाऱ्यांना पातेल्याचा तळ बघायला मिळतो.

२. साडेनऊला लातूर सोडा. अंबाजोगाई साठेक किलोमीटर. तिथे देवळाजवळ पाय मोकळे करा. अंबाजोगाई-केजच्या पट्ट्यात साडेबाराला मटण, आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलेलं. आधी अळणी रस्सा मागा. मसाला नसलेल्या या पाण्यातच मटण ताजं आहे का ते कळतं. मग सुक्कं आणि भाकरी. तिखट रस्सा वाटीनं घ्या, ओतून नको.

३. मांजरसुंबाला पुन्हा हायवे लागतो. तिथे चहा घेऊन सात-साडेसातपर्यंत संभाजीनगर. भूक असेल तर जुन्या शहरात नान खलिया. नान भट्टीतून निघालेला, वरून पिवळसर तकाकीचा आणि जाड असतो. खलिया पातळ असतो, नान त्यात बुडवून खायचा. चमचा मागू नका. खलिया मटणाचा आहे की बड्याचा, म्हणजे म्हशीच्या मांसाचा, हे बसण्याआधी विचारा. "चाचा, मटण का है या बडे का?" एवढं पुरे. कोणाला राग येत नाही, उलट नीट सांगतात.

दुपारचं मटण आणि रात्रीचा खलिया यात सात तासांचं अंतर आहे. तरी भूक नसेल तर खलिया सोडा. तो तुमच्याच शहरात आहे, पुढच्या आठवड्यात जाता येईल. बाहेरगावाहून आलेल्यांनी मात्र दुपारचं मटण अर्ध्यावर थांबवावं.

## टप्पा ५: गाडीत काय हवं

फार नाही. पाण्याचे दहा लिटरचे दोन जार, बर्फाची पेटी (खव्यासाठी, पाण्यासाठी नाही), स्टीलचे झाकणाचे दोन डबे, सुती फडकी, जिऱ्याची पूड आणि ओआरएसची चार पाकिटं. सुटे पैसे नक्की ठेवा. मोबाइलवरून पैसे सगळीकडे घेतात, पण फाट्यावर नेटवर्क गेलं की गाड्यावाल्या मामांना पाचशेची नोट सुटी करता येत नाही. फास्टॅगमध्ये शिल्लक बघा. टायरमधली हवा थंड असताना तपासा.

एप्रिल-मे महिन्यात इथे पारा चाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांना आणि लहान पोरांना घेऊन ही फेरी करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले: नवी ज्वारी येऊ लागते, हुरडा असतो, दूध भरपूर असतं.

तपासणी: नंबर मोबाइलमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे लिहा: आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्गावरची मदत १०३३.

## टप्पा ६: रस्त्यावर

चांगले महिने सांगितले खरे, पण तेच ऊस गाळपाचेही महिने. लातूर, अंबाजोगाई, केज या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात. मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो आणि समोरच्या गाडीच्या उजेडात ट्रॉली दिसतच नाही. म्हणून या रस्त्यांवर अंधारात गाडी चालवायची नाही, हा माझा नियम आहे आणि वरचं वेळापत्रक त्यासाठीच दोन्ही दिवशी दिवेलागणीच्या आत या रस्त्यांवरून बाहेर काढतं. उशीर झाला तर एक थांबा गाळा, वेग वाढवू नका.

पावसाळ्यात खाली काळी माती आहे हे विसरू नका. हॉटेलासमोर जागा दिसली म्हणून डांबर सोडून गाडी खाली घेतली की चाकं रुततात. मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. सुगीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं असतं, त्यावरून ब्रेक मारला तर गाडी घसरते. येरमाळ्याच्या आणि मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकला ओलांडायची घाई करू नका.

चालवणारा माणूस दारू पिणार नाही, हे निघतानाच ठरवा. परमिट रूम असलेल्या हॉटेलात बायकामुलांना घेऊन जायचं असेल तर फॅमिली रूम वेगळी आहे का ते फोनवर विचारलेलं बरं.

## टप्पा ७: हॉटेलात शिरल्यावर

१. आधी चुलीकडे जा, टेबलाकडे नाही. "मामा, आज काय झालंय?" असं विचारा. मेनूकार्डावर चाळीस पदार्थ असले तरी त्या दिवशी मनापासून केलेले दोन-तीनच असतात, आणि मामा ते सांगतात.

२. अन्न परवान्याचा (FSSAI) १४ आकडी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे का बघा. नसला तर लगेच उठून जायचं असं नाही, पण पाणी उघड्या पिंपातून येतंय, मटणाला गेल्या रात्रीचा वास येतोय आणि क्रमांकही नाही, असं असेल तर उठा. टीव्हीवर आलं म्हणून पोट वेगळं वागत नाही.

३. ताट मागवण्याआधी ताट दोघांत चालतं का ते विचारा. न चालणाऱ्या ठिकाणी सुटं मागवा: एक सुक्कं, एक रस्सा, लागतील तशा भाकरी. भाकरी एकेक मागवा. तव्यावरून उतरून पाच मिनिटांत खाल्लेली भाकरी आणि चवडीतली तिसरी भाकरी यांत फार फरक असतो.

४. "टीव्हीवर दाखवलं तसंच द्या" असं म्हणू नका. चित्रीकरणासाठी ताट सजवलेलं असतं, वर तूप जास्त असतं, कोथिंबीर जास्त असते. रोजचं ताट तसं नसतं आणि नसावं. तुम्ही रोजचं खायला आला आहात.

५. स्वयंपाकघराचा फोटो विचारून काढा. चुलीपाशी बऱ्याचदा घरातल्या बाया असतात. "ताई, भाकरी थापताना फोटो काढू का?" एवढं विचारायला काही लागत नाही, आणि नको म्हणाल्या तर कॅमेरा खिशात. मालकाचा फोटो लावून मापं काढणारी टीका मोबाइलवर टाकण्याआधी त्याच्याशीच बोला.

सावध: पहिल्याच ठिकाणी पोट भरणं ही या फेरीतली सर्वात मोठी चूक. चौघांत दोन ताटं, हा माझा हिशेब. भूक राहिली तर पुन्हा मागवता येतं.

## टप्पा ८: खवा आणि पेढा घरी कसा न्यायचा

इथे लोकांचे सर्वात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

वरच्या क्रमात सरमकुंडी पहिल्या दिवशी सकाळी येतं. तेव्हाच दोन किलो खवा घेऊन डिकीत टाकला, तर तो घरी पोचेपर्यंत दीड दिवस गाडीत तापतो. घरी डबा उघडल्यावर आंबूस वास येतो आणि दोष दुकानदाराला दिला जातो. म्हणून जाताना फक्त चाखा. पेढा घ्यायचा असेल तर तेवढा घ्या: तो जास्त भाजलेला आणि साखर घातलेला असतो, दोन दिवस टिकतो. खवाच हवा असेल तर दुसऱ्या दिवशी वाट बदलून, धाराशिवमार्गे परत या, किंवा सबंध वर्तुळ उलटं फिरवा: लातूर आधी, सरमकुंडी शेवटी.

भट्टीवर दहा मिनिटं उभं राहिलात तर पुष्कळ कळतं. मोठ्या कढईत दूध उकळत असतं, माणूस लांब दांड्याच्या खुरप्यानं तळ खरवडत असतो, हात थांबत नाही. कडेला साय चिकटते, ती पुन्हा मध्ये ओढतो. हळूहळू आवाज बदलतो: आधी खळखळ, मग लोण्यासारखा दबका, फुटणाऱ्या बुडबुड्यांचा. गोळा कढई सोडू लागला की उतरवतात. म्हशीच्या चांगल्या दुधाचा किलोभर खवा व्हायला साधारण पाच लिटर दूध आटवावं लागतं. त्या दिवशीचा दुधाचा भाव विचारा आणि पाचने गुणा, त्यात सरपण आणि मजुरी धरा. कोणी त्याहून फार स्वस्त देत असेल तर घेऊ नका.

चिमूटभर खवा तळहातावर चोळा. तुपाची ओशट चमक राहिली पाहिजे, दुधाचा गोड वास आला पाहिजे. दाणेदार असेल तर पेढ्याला चांगला, मऊ असेल तर गुलाबजामला. पिठूळ लागला, हाताला कोरडा वाटला तर नको. घरी आणखी एक तपासणी करता येते: थोडा खवा पाण्यात उकळून गार करा, त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात पिठाची भेसळ आहे. तपासलेला खवा फेकून द्या.

नेताना क्रम असा: गरम खवा पिशवीत बांधू देऊ नका, पूर्ण गार होऊ द्या. नाहीतर आतून घाम सुटतो आणि तिथूनच बुरशी धरते. गार झाल्यावर स्टीलच्या डब्यात दाबून भरा, वर फडकं, मग झाकण. डबा बर्फाच्या पेटीत, बर्फ डब्याच्या बाहेर. गाडी उन्हात उभी असेल तर पेटी सीटखाली, डिकीत नाही. घरी आल्यावर लगेच फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत वापरायचा नसेल तर सरळ बर्फाच्या कप्प्यात.

## टप्पा ९: परत आल्यावर, त्याच रात्री

वही उघडा आणि प्रत्येक ठिकाणासमोर दुरुस्त्या लिहा: खरी वेळ, खरा पत्ता, बायपासवरून कुठे आत वळायचं, चुलीवर कोण होतं. एखादं ठिकाण बंद झालं असेल किंवा हलवलं असेल तर नकाशावर तसं नोंदवा, दोन मिनिटं लागतात. ज्या मालकांनी फोनवर वेळ दिला आणि तुमच्यासाठी मटण बाजूला काढून ठेवलं, त्यांना एक फोन करा: "मालक, सुखरूप पोचलो. रस्सा वडिलांना आवडला असता." मी दर वेळी करतो. पुढच्या खेपेला ते आवाज ओळखतात आणि आपण विचारायच्या आत सांगतात, "बुधवारी या, रविवारी लई गर्दी राहतीय."

आणि पेढ्यांचा डबा त्याच रात्री वाटून टाका, शेजारी, खालचे, वॉचमन मामा. तिसऱ्या दिवशीचा पेढा कडक झालेला असतो.